तिसरं आधण

“…पण सहा माणसं होती, बुवा. सहा. एकाला तरी तोंड उघडता येऊ नये?”

रेवणबुवा मठाच्या चुलीवरची आमटी ढवळत होते.

“बारा डोळे,” सुकुमार म्हणाला. “बारा डोळ्यांदेखत काहील करपली.”

“दहा,” बुवा म्हणाले. “येसबा खाली जाळाला बसतोय. त्याला काहील दिसत न्हाई.”

“बरं, दहा.”

“मग दहाचंच रड. जादा कशाला?”

सुकुमार मगदूम गप्प बसला. त्याचा गुडघा मात्र गप्प बसेना. मांडी घातली होती आणि उजवा गुडघा शिलाई मशीनच्या पायट्यासारखा हलत होता.

पंचगंगेच्या काठी मगदुमांचं गुऱ्हाळ, तीन पिढ्यांचं. उसाचा रस मोठ्या काहिलीत ओतायचा, खालच्या चुलवाणात चिपाडं जाळायची आणि आटत आटत रस घट्ट झाला की नेमक्या क्षणी जाळ ओढून काहील उतरवायची. एका काहिलीचं एक आधण. सगळी विद्या त्या नेमक्या क्षणात. आधी उतरवली तर गूळ चिकट, उशिरा उतरवली तर काळा. मधला वेळ म्हणाल तर एक शिंक येऊन जाईल एवढा.

सुकुमार चार वर्षं पुण्यात राहिला आणि येताना उष्णता मोजायचा काटा आणि स्टीलची शिट्टी घेऊन आला. अक्कलही आणली होती, पण ती येताना टोलनाक्यावर राहिली असं त्याचे आण्णा म्हणत. शिवाय ‘लीडरशिप’ या विषयाचं तीन दिवसांचं शिबिर केल्याचं सर्टिफिकेट होतं. ते त्यानं काचेत घालून गुऱ्हाळात लावलं. आठ दिवसांत वाफेनं त्यावरचं नाव पुसून टाकलं. आता ते गावात कुणालाही चालण्यासारखं आहे.

कल्पना मात्र पोराची खोटी नव्हती. गावानं कबूल केलं नाही तरी खरं ते खरं. दहा किलोची ढेप फोडत बसायला आता कुठल्या घरात वेळ आहे? त्यापेक्षा चहाच्या एका कपाला एक, अशी छोटी वडी करायची. पुण्याच्या चहाच्या दुकानांना माल पुरवणारा एक खरेदीदार बघायला यायला तयार झाला होता. उद्या, सकाळी दहाला.

आणि आत्तापर्यंत वडीची दोन आधणं मातीत गेली होती.

“पहिल्याचं सांग,” बुवा म्हणाले.

“पहिल्याला त्या खरेदीदाराचाच फोन आला. आत उसाच्या घाण्याच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून बाहेर गेलो. परत येतो तर सगळा धूर. आणि सगळे उभे. दाराकडं बघत.”

“दाराकडं का?”

“मी यायची वाट बघत.” सुकुमारचा आवाज पडला. “मीच सांगितलं होतं, शिट्टी वाजल्याशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही म्हणून.”

“बरं केलंस.”

“कसलं बरं?”

“ऐकणारी माणसं हायत तुझी. आमच्या मठात तेवढं बी कुणी ऐकत न्हाई.”

सुकुमारनं कपाळ चोळलं. “दुसऱ्या आधणाला मी हललोच नाही. काट्यावर डोळे लावून बसलो. पण करपलेला वास नाकातनं जाईना. भीतीनं शिट्टी आधीच वाजली. वड्या साच्यातनं सुटल्याच नाहीत. बोटाला धरून घरापर्यंत आल्या.”

“आण्णा काय म्हणाले?”

“काही नाही.”

“म्हणाले असतील की काहीतरी. तुझा बा गप्प बसायचा न्हाई.”

“म्हणाले, तिसरं गेलं तर चुलवाण विझव. ऊस सगळा कारखान्याला घालू.” सुकुमारनं खाली मान घातली. “भीमाप्पानं घरी पत्र्याची पेटी बांधून ठेवलीय म्हणे. त्याला पलीकडच्या गावातनं बोलावणं आहे.”

भीमाप्पा म्हणजे गुळव्या. काहिलीचा क्षण ज्याला कळतो तो. तो गेला की बाकीचे त्याच्यामागनं जाणार, गोठ्यातली पहिली म्हैस बाहेर पडली की उरलेल्या जातात तशा.

“त्याला दिसलं असणार, बुवा. पहिल्या आधणाला गूळ करपताना त्याला दिसलं असणार. तीस वर्षं काहिलीवर उभा आहे तो. आक्काताईलाही दिसलं असणार, रसावरची मळी काढत ती काहिलीवरच वाकलेली असते. मग बोलले का नाहीत? मी काय वाघ आहे?”

बुवांनी पळीभर आमटी वर उचलली, नाकाजवळ नेली, पुन्हा पातेल्यात सोडली.

“जेव आधी,” ते म्हणाले.

गुरुवार होता. मठात दर गुरुवारी पंगत बसे. येईल त्याला आमटी-भात. त्या दिवशी पंधरा-वीस पानं होती. तलाठी होते. निवृत्त हेडमास्तर होते. हरभऱ्याच्या भाजीचे भारे टाकून आलेल्या चार बायका होत्या. बुवा स्वतः वाढत होते.

सुकुमारनं पहिला घास घेतला.

थांबला.

डावीकडं बघितलं. तलाठी जेवत होते. उजवीकडं हेडमास्तर भात कालवत होते, मन लावून, पेपर तपासावेत तसे.

सुकुमारनं दुसरा घास घेतला.

“कशी काय झालीया?” बुवांनी पंगतीला विचारलं.

“अमृत,” तलाठी म्हणाले.

“मठाच्या आमटीची सर घरच्या आमटीला नाही,” हेडमास्तर म्हणाले. त्यांची बायको घरी होती, म्हणून बोलता आलं.

बुवा सुकुमारपुढं येऊन थांबले. “तुला?”

“छान आहे, बुवा.”

“आणि वाढू?”

“…थोडी.”

बुवांनी चांगल्या दोन पळ्या वाढल्या.

शेवटच्या पानावर एक म्हातारी बसली होती. दात नव्हते, पण बाकी सगळं जागेवर होतं. ती म्हणाली, “बुवा, मीठ इसरलासा की.”



बुवा आत गेले, मिठाचं मडकं घेऊन आले, म्हातारीच्या पानात चिमूटभर मीठ टाकलं. आणि मग बघण्यासारखी गंमत झाली. तलाठ्यांचा हात पुढं आला. हेडमास्तरांचा आला. चारी बायकांचे आले. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवेच तळवे, जसं काय तीर्थ वाटायला आणलंय.

सुकुमारचा हात सगळ्यांच्या नंतर पुढं आला.

बुवांनी त्याच्या तळव्यावर मीठ ठेवलं नाही. तसेच उभे राहिले.

“तुला कवा कळलं?”

“…पहिल्या घासाला.”

“मग?”

“आता तुमच्या मठात, तुमच्यासमोर… कसं म्हणायचं?”

“मी मारतो काय?”

“नाही.”

“माझ्या गळ्यात शिट्टी हाय?”

सुकुमारचा हात तसाच पसरलेला. त्याच्या तोंडावरून एक एक करत काहीतरी सरकत गेलं. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. गुडघा थांबला.

“कळलं,” तो म्हणाला. “कळलं, बुवा. उद्या सकाळी सगळ्यांना जमवतो आणि सांगतो, बिनधास्त बोला म्हणून. सांगू ना?”

बुवांनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. मग चिमूटभर मीठ ठेवलं.

“सांग की,” ते म्हणाले. “तोंड तुझं हाय.”

सुकुमार हात धुऊन निघाला तो जवळजवळ पळतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यानं सहाही जणांना काहिलीजवळ उभं केलं. घाण्यावरचे तिघे, भीमाप्पा, आक्काताई आणि खालून डोकं वर काढून येसबा.

“आजपासून,” सुकुमार म्हणाला, “कुणीही, काहीही, केव्हाही बोला. मोकळेपणानं. मला राग येणार नाही.”

सहा जणांनी जमिनीकडं बघितलं. साहेब रागावणार नाही म्हणतो त्या दिवशी जरा जपूनच राहावं, हे शहाणपण कुठल्याही शिबिरात न जाता माणसाला येतं.

“बोला ना.”

“कशाबद्दल, सर?” आक्काताईनं विचारलं. सर म्हणायचं हे पण त्यानंच पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

“कशाबद्दलही.”

“बरं.”

…

“भीमाप्पा, तुम्ही?”

भीमाप्पानं विचार केला. मिशीवरून हात फिरवला. “धुकं पडलंय,” तो म्हणाला.

“अजून?”

“थंडी बी हाय.”

सुकुमारनं घड्याळ बघितलं. दहाला तीन तास होते आणि आधण व्हायला अडीच लागतात. “चला,” तो म्हणाला. घाणा सुरू झाला, काहिलीत रस पडला, येसबानं चुलवाणाला जाळ घातला.

आठच्या सुमाराला रेवणबुवा आले. बोलावलं नव्हतं. काठी टेकत आले, वाळलेल्या चिपाडांच्या ढिगावर बसले, कांबळं पांघरून घेतलं.

“कशाला आलात, बुवा?”

“ऊब हाय हितं,” बुवा म्हणाले आणि डोळे मिटले.

रस तापला. हिरवी-काळी मळी वर आली. आक्काताईनं भेंडीचं पाणी टाकलं, झाऱ्यानं मळी ओढून काढली. साडेआठ. रस पिवळा झाला. नऊ. फेस उसळायला लागला, मोठे मोठे बुडबुडे, दुधासारखे. सुकुमार काटा धरून वाकला होता. वाफेनं काटा आंधळा व्हायचा, तो सदऱ्याच्या टोकानं पुसायचा, परत वाकायचा. सदरा भिजून त्याच्या अंगाला चिकटला होता.

“भीमाप्पा, काय वाटतं?”

“तुम्ही म्हणाल तसं.”

“आक्काताई, कसं वाटतंय?”

“बरं वाटतंय, सर. काल जरा कंबर दुखत हुती.”

सुकुमारनं डोळे मिटून घेतले. एकशे आठ… एकशे दहा… उतरवायचा आकडा पुण्याच्या पुस्तकात लिहिला होता. पण पुस्तकातला ऊस कुठल्या रानातला, हे पुस्तकात लिहिलं नव्हतं. शिवाय ढेपेचा क्षण भीमाप्पाला ठाऊक. वडीचा क्षण? वडी या गुऱ्हाळात कधी झालीच नव्हती. तो कुणालाच ठाऊक नव्हता. हे त्याला आत्ता, सव्वानऊला, पहिल्यांदा सुचलं. काही माणसांना शहाणपण येतं, पण गाडी सुटल्यावर फलाटावर.

त्यानं बुवांकडं बघितलं. बुवांचे डोळे उघडे होते.

“येसबा,” बुवांनी हाक मारली, “तंबाखू हाय का?”

खालून आवाज आला, “हाय.”

“वर ये. चुना बी आण.”

आता येसबा म्हणजे गुऱ्हाळातल्या सगळ्या शिव्यांचा धनी. जाळ कमी पडला, येसबाला शिवी. जास्त झाला, येसबाला शिवी. भीमाप्पाचं घरी बायकोशी वाजलं तरी येसबालाच. खाली खड्ड्यात बसलेल्याला वरचं काही दिसत नाही, तेव्हा वरच्यांनी ओरडायचं आणि त्यानं ऐकायचं, ही रीतच. तीस वर्षं. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. उलट वरून बराच वेळ आवाज आला नाही तर तो डोकं काढून विचारायचा, “मेलासा काय सगळी?” शिट्टी आल्यापासून तो रोज दोन-दोनदा विचारत होता.

येसबा हात झटकत वर आला आणि बुवांशेजारी टेकला. डबी उघडली.

चुलवाणातला जाळ खाली बसला.

काहिलीतला फेस क्षणभर थबकला, आणि मग तोही बसायला लागला.

“येसबा,” सुकुमार ओरडला, “जाळ.”

येसबा उठायला गेला. बुवांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “बस रं. मळून झाली न्हाई अजून.”

“बुवा, आत्ता? आत्ता तंबाखू?”

“तलप काय घड्याळ बघून येतीया?”

सुकुमारनं शिट्टी तोंडात घातली आणि जोरात फुंकली. पण शिट्टीचा अर्थ ‘काहील उतरवा’ असा त्यानंच ठरवला होता. ‘जाळ घाला’ याची शिट्टी ठरवायची राहिली होती. घाण्यावरचे तिघे धावत आले, भीमाप्पानं कड्याला हात घातला.

“नाही, नाही. सोडा. उतरवू नका.”

चौघांनी सोडली. चौघे उभे राहिले. त्याच्या तोंडाकडं बघत.

नऊ वाजून बावीस मिनिटं.

सुकुमारनं काटा आक्काताईच्या हातात कोंबला आणि खड्ड्यात उडी घातली.

खाली अंधार होता, आणि अंधारात एक लाल तोंड. त्यानं चिपाडाचा भारा उचलला आणि तोंडात लोटला. आणखी एक. आणखी एक. धूर परत फिरून त्याच्याच अंगावर आला. डोळ्यांतनं पाणी. वर बघितलं तर काहिलीचं काळं बूड. एवढंच. ना फेस, ना रंग, ना काटा.

“जाळ आला का?” त्यानं विचारलं.

…

“आला का जाळ?”

…

गळ्यातली शिट्टी तापून छातीला चटका बसला. त्यानं ती दोरीसकट ओढून बाजूला फेकली. वरून कुणाचाच आवाज नाही. वाजले किती? घड्याळाची काच काळी झाली होती. आत्ता वर काय चाललं असेल? पिवळा असेल? तांबूस? की तेच पुन्हा, सगळे उभे, आणि काळा धूर…

“मला दिसत नाही,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. “मला हितनं काहीच दिसंना. सांगा की कुणीतरी.”

क्षणभर नुसता जाळाचा आवाज.

मग वरून भीमाप्पा म्हणाला, “कोंबू नको एवढं.”

सुकुमारचा हात थांबला.

“धूर धूर केलास नुसता. थोडं थोडं घाल. येसबाचं बघितलं न्हाईस कवा?”

“घालतो.”

“बोलू नको, घाल.”

त्यानं थोडं थोडं घातलं. जाळ सरळ झाला. वर काहिलीत फेस पुन्हा बुडबुडल्याचा आवाज आला, खदखद, मग जड, मग अजून जड.

“आता कमी कर,” भीमाप्पा म्हणाला. “आलं. तयार हो.”

सुकुमारनं जाळ ओढायचा लोखंडी आकडा हातात घेतला.

“कुठं आलं?” हा आक्काताईचा आवाज. “न्हाई आलं.”

“आलं म्हंतो न्हवं. रंग बघ.”

“ढेपेचं आलं. ही वडी हाय. ही उन्हात जायाची, गाडीत बसून जायाची. परवाची बोटाला चिकटल्याली इसरलास?”

“मला शिकीव आता.”

“शिकीवती. सरक.”

खाली सुकुमारनं आकडा जाळात घातला, परत काढला. ओढू का नको? कुणाचं ऐकू? तोंड उघडलं, पण काय म्हणणार? त्याला दिसतच नव्हतं. वर दोघं त्याच्या डोक्यावर भांडत होती, त्याच्या बापाच्या काहिलीवर, त्याच्या शेवटच्या आधणावर, आणि तो खड्ड्यात बसून ऐकत होता, दारामागं उभं राहून आपल्याच लग्नाची बोलणी ऐकावीत तसा.

“पाण्यात टाकून बघ की मग,” भीमाप्पा म्हणाला. “लई कळतंय तर.”

थाळीतल्या पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. चुळुक.

“मऊ हाय,” आक्काताई.

“हं,” भीमाप्पा. हा हं म्हणजे भीमाप्पाच्या तीस वर्षांतला पहिला.

“रस बघ की रं,” आक्काताई म्हणाली, “कसा पडतोय. अजून तार हाय त्याला.”

“आता?”

“थांब.”

“आता बघ.”

पुन्हा चुळुक. मग पाण्यात घट्ट झालेली गोळी थाळीच्या काठावर मारल्याचा आवाज. मऊ नव्हता. खडा मारल्यासारखा, टणक.

“ओढ,” आक्काताई कडाडली. “ओढ जाळ. ओढ की रं मुडद्या, झोपलास काय खाली?”

सुकुमारनं ओढला. दोन्ही हातांनी, ढोपरांवर बसून, जळतं चिपाड अंगावर येतंय का याची पर्वा न करता ओढला. लाल तोंड काळं पडलं. वर चार माणसांचा हुंकार ऐकू आला, कडी वाजली, काहील हलली, आणि बुडाच्या जागी एकदम उजेड दिसला.

तो तिथंच बसून राहिला. छाती भात्यासारखी चालली होती.

वर साचे भरल्याचे आवाज येत होते. कुणी कुणाला तरी हळू ओत म्हणत होतं. कुणी कुणाला तरी बाजूला हो म्हणत होतं. येसबाच्या तोंडात तंबाखू होती, तरी तोही काहीतरी म्हणत होता. घाण्यावरचे तिघे, ज्यांचा आवाज सुकुमारनं महिन्यात ऐकला नव्हता, ते साच्याला तेल कमी लावलंय यावरून एकमेकांची आई-बहीण काढत होते.

सुकुमार वर आला तेव्हा त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

त्याचं तोंड काळं होतं, सदरा काळा होता, एक भुवई अर्धी जळली होती. पुण्याचे बूट ओळखू येत नव्हते. तो चिपाडांच्या ढिगाला टेकून उभा राहिला, बुवांशेजारी.

दहाला पाच कमी असताना रस्त्यावर गाडी थांबली.

खरेदीदार उतरला. पांढरा शर्ट, पॅंट धुळीतून जपत. नाकाशी रुमाल धरून आत आला आणि आत येताच त्यानं रुमाल खाली केला. ताज्या गुळाच्या वासापुढं रुमाल टिकत नाही.

आक्काताईनं साचा उलटा केला.



साच्यावर तिनं तळव्यानं थाप मारली. काही झालं नाही. दुसरी थाप मारली. आणि वड्या पडल्या, पाटावर, एकामागून एक, सुट्या, खळखळ करत, जशा काय गोट्या.

खरेदीदारानं एक वडी उचलली. उन्हात धरली. बोटांत चोळली, बोट बघितलं. कोरडं. मग तोंडात टाकली आणि दाताखाली धरली.

कुणी हललं नाही. भीमाप्पाची मिशी सुद्धा नाही.

खरेदीदार चघळत राहिला. बराच वेळ. सुकुमारच्या उजव्या गुडघ्यानं पुन्हा सुरुवात केली.

“जरा कडक आहे,” खरेदीदार शेवटी म्हणाला.

“चहात टाकायची हाय का दातानं फोडायची?” आक्काताई म्हणाली.

खरेदीदार तिच्याकडं बघत राहिला. महिनाभर गप्प बसलेली बाई, आणि बोलायला दिवस हा निवडला.

मग खरेदीदारानं दुसरी वडी उचलली, ही खिशात टाकली. तिसरी उचलली, तीही. “अशीच कडक पाहिजे,” तो म्हणाला. “पावसाळ्यात सुद्धा. जमेल?”

“बघू,” भीमाप्पा म्हणाला. “पावसाळ्यातलं आमास्नी बी अजून ठावं न्हाई.”

“ठीक आहे. मालक कुठायत? त्यांच्याशी बोलायचंय.”

त्यानं इकडं तिकडं बघितलं. त्याची नजर सुकुमारवरून गेली, ढिगावरून, चुलवाणावरून जावी तशी, आणि पुढं निघून गेली. सुकुमारनं तोंड उघडलं. तोंडातून नुसता काजळीचा खोकला आला.

आक्काताईनं पदर तोंडाला लावला. भीमाप्पा उगाचच काहिलीत बघायला लागला.

“मालक,” खरेदीदारानं ढिगावरच्या म्हाताऱ्याला विचारलं. “सुकुमार मगदूम. इथं आहेत ना?”

रेवणबुवांनी तंबाखूची पिंक टाकली, काठी हातात घेतली आणि सावकाश उठले.

“सकाळी हुता,” ते म्हणाले. “आता काम चालू झालंय.”